टुरिस्ट परमिट आणि बाबांच्या हातोड्या

आमच्या घरात फॉर्म भरायचं काम माझं. मी सातवीत असल्यापासून. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत छापलेला कुठलाही कागद आला की बाबा तो उलटासुलटा करून बघत आणि माझ्यासमोर सरकवत. "बाय, बघ काय मागतायत." मी भरायची, ते सही करायचे. मी काय भरलंय ते त्यांनी कधी वाचलं नाही. मी चुकीचं काही लिहीन अशी शंकाही त्यांना कधी आली नसावी.

शंका घेणारी मी होते. हे लिहिताना जरा कसंसं होतंय, पण ते तसंच होतं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी बाबा कामावरून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ओमानचं टुरिस्ट परमिट काढायचं. तुझं नि माझं. गाडीने जाऊन गाडीने येऊ."

आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण मान वर आली. "टुरिस्ट? म्हणजे फिरायला?"

"फिरायला नि भेटायला. धाकट्याला बघून सहा वर्षं झाली. त्याची सुट्टी नि माझी सुट्टी कधी जुळत नाही."

माझा काका सोहारला टायरच्या दुकानात कामाला आहे. शारजातून, म्हणजे आमच्या घरापासून, गाडीने तीन-चार तासांवर. हे अंतर सहा वर्षांपूर्वीही एवढंच होतं.

"अहो, वीस वर्षांत तुम्ही मला खोर फक्कानच्या समुद्रापुढे नेलं नाहीत," आई म्हणाली. "तिथेही पाय भिजायच्या आत 'चला, ट्रॅफिक लागेल' सुरू. नि आता एकदम दुसऱ्या देशात?"

"तू पण चल की."

"मी कशी येणार? शनिवारी दोन पोरं असतात माझ्याकडे सांभाळायला. तुम्हाला माहितीये ते."

बाबांना ते माहीत होतं. म्हणूनच त्यांनी शनिवार निवडला, असं मला तेव्हाच वाटलं. आईलाही वाटलं असणार, कारण ती मेथीच्या काड्या जरा जोरात मोडायला लागली.

बाबा दुबईत, अल क्वोजमधल्या एका गॅरेजात डेंटर आहेत. अपघातात चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करायचा, मग त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची आणि पेंटरच्या ताब्यात द्यायची. त्यांच्या स्वतःच्या पाच हातोड्या आहेत, एक लाकडी मोगरी आणि पत्र्याच्या मागून धरायचा एक लोखंडी ठोकळा, ज्याला ते डॉली म्हणतात. एकूण सात नग. ते कुणाला उसने देत नाहीत आणि कुणाचे उसने घेत नाहीत. दांड्याला ज्याचा घाम लागतो त्याचंच ते हत्यार ऐकतं, असं ते म्हणतात. हे सगळं गॅरेजातल्या पेटीत कुलपात असतं. फक्त खंडेनवमीला ते गुंडाळून घरी आणतात, साबणाने धुतात, पाटावर मांडतात. आई हळदकुंकू लावते, झेंडू वाहते. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाठोडं घेऊनच बाबा कामावर जातात. "हत्यार घरी राहिलं की हात घरी राहतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या वर्षी दसरा होऊन आठ दिवस झाले होते आणि गाठोडं अजून पलंगाखाली होतं.

केर काढताना झाडू त्याला लागला, खण्ण वाजलं. मी विचारलं, "बाबा, हातोड्या घरीच?"

"पेटीचं कुलूप मोडलंय."

"मग नवीन कुलूप?"

"आणतो की. तू फॉर्म उघड."

फॉर्म उघडला तेव्हा दुसरी शंका आली. व्हिसा कधी संपतो ती तारीख मागितली होती. आमच्या दोघांच्या कार्डांवर तारीख एकच असते, कारण मी बाबांच्या व्हिसावर आहे. त्यांचा गेला की माझा गेला. तारीख दोन महिन्यांवर आली होती. दर वेळी इतक्यात कंपनीतून मेडिकलचे कागद आलेले असतात आणि बाबांनी ते माझ्यासमोर सरकवलेले असतात. या वेळी काहीच आलं नव्हतं. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष, परीक्षा उन्हाळ्यात.

"बाबा, व्हिसाचं कंपनीत दिलंय ना?"

"होईल ते. इन्शाल्ला. तू पुढचं भर."

इन्शाल्ला म्हणून बाबा ज्या गोष्टी टाळतात त्यांची एक यादी आईकडे तोंडपाठ आहे.

पुढचा रकाना होता, ओमानला येण्याचं कारण. पर्याय होते, त्यातलं मी 'पर्यटन' निवडलं. मग शेवटी एक चौकोन, ज्यात बरोबरची खूण करायची. त्याशेजारी लिहिलेलं मी बाबांना मराठीत सांगितलं, "मी दिलेली माहिती खरी आहे आणि तिथे असताना मी कुठलंही पगारी काम करणार नाही."

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"करू खूण?"

"कर."

"बाबा, फिरायलाच ना?"

"नाहीतर काय?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी खूण केली, आधी त्यांच्या फॉर्मवर, मग माझ्या. त्या रात्री मला मनापासून वाटत होतं की परमिट नाकारलं जावं. दोन दिवसांनी ईमेल आला, दोघांचंही मंजूर. मी प्रिंट काढल्या, गाडीचा ओमानचा विमा काढला, गाडीची मुलकिया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, वेगळ्या पाकिटात ठेवली. सगळं एका फाइलमध्ये लावलं. कागद नीट लावले की मला बरं वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

शनिवारी सकाळी निघालो. आईने काकासाठी चकल्यांचा डबा दिला, खाली दारापर्यंत आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "डिकीत काय ठेवलंय बघितलंस?"

"काय?"

"मी नाही बघितलं. पलंगाखाली बघितलं. तिथे नाहीये."

गाडी आमची जुनी, बाबांनी अपघातातली घेऊन स्वतः उभी केलेली. रस्ता चांगला असेपर्यंत काही ऐकू आलं नाही. डोंगरातले बोगदे संपून खोर फक्कानकडे उतरताना पहिल्याच गतिरोधकावर मागे खण्ण वाजलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

"जॅक सैल झालाय," ते म्हणाले.

मी वीस वर्षांची आहे आणि डेंटरची मुलगी आहे. जॅक कसा वाजतो ते मला कळतं. पण मी "हं" म्हणाले. वाटेत ते खूप बोलले, नेहमीपेक्षा जास्त. काका लहानपणी कसा करवंदाच्या जाळीत अडकला होता, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं. मी हसले सुद्धा. पण माझ्या डोक्यात तो चौकोन होता आणि त्यातली माझी खूण. पकडलं गेलं तर काय होतं? परत पाठवतात? नाव कुठे लिहून ठेवतात? ते नाव पुढे व्हिसाच्या वेळी दिसतं? खूण त्यांची, पण बोट माझं होतं.

इकडची चौकी सोपी गेली. बाहेर पडायची फी भरली, बाबांनी सवयीने तिचे रुपये करून ऐकवले, "चहाही न पिता एवढे गेले बघ," आणि शिक्का मिळाला. मग दोन चौक्यांमधला थोडा उघडा रस्ता. तिथे बाबांनी रेडिओ बंद केला.

ओमानच्या काउंटरवरचा माणूस पासपोर्टची पानं उलटत राहिला. बाबांचं कार्ड त्याने दोनदा पाहिलं.

"विजा जल्दी खतम है," तो काचेमागून म्हणाला. आखातात सगळे बोलतात तसल्या हिंदीत.

"रिन्यू होगा साब," बाबा म्हणाले.

"किधर जाता?"

"भाई है. सोहार. कल वापस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडून परमिटच्या प्रिंट पुढे केल्या. फाइल नीट लावलेली पाहून त्याला काहीतरी पटलं असावं. शिक्के बसले. एक छोटी चिठ्ठी मिळाली, ती शेवटच्या फाटकावर द्यायची. बाबा गाडीकडे चालताना एकदम हलके झाले. "बघ, खलास. उगाच घाबरलीस."

मी घाबरलेय असं मी म्हटलंच नव्हतं.

शेवटच्या फाटकाआधी शेड होती, तिथे कस्टमवाला गाड्या थांबवत होता. तरुण होता, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा. आमच्या पुढच्या गाडीला त्याने हातानेच जा म्हटलं. आम्हाला थांबवलं. डिकी उघडायला सांगितली. पिशव्या, चकल्यांचा डबा, पाण्याचा खोका, आणि आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं.

"ये क्या?"

बाबा सोडेनात. म्हणजे गाठ सोडेनात, ती घट्ट बसली होती म्हणून की मुद्दाम, मला सांगता येणार नाही. मीच सोडली. सात नग उघडे झाले. दांड्यांवर, लोखंडाच्या तोंडांवर, सगळीकडे हळदकुंकवाचे डाग, आणि मोगरीच्या फटीत झेंडूची एक सुकलेली पाकळी. खंडेनवमीपासून ते तसेच होते. वापरले असते तर पहिल्या दिवसातच पुसले गेले असते.

तो दोन पावलं मागे सरकला. "ये लाल क्या है? खून?"

"नो सर," मी म्हणाले. "पावडर. फॉर पूजा." मग पुढे कसं सांगावं कळेना. या देशात, या शेडमध्ये, हातोडीची पूजा करतात हे सांगावं की नाही, तेही कळेना. "वर्षातून एकदा आम्ही हत्यारांना... आमच्याकडे कामाच्या वस्तूंना मान देतात. सणाला."

त्याने एका दांड्यावर बोट घासलं, वास घेतला, दोन बोटांत चोळून पाहिलं. "हथौड़े का ईद," तो म्हणाला. हसला नाही, पण चेहरा थोडा सैल झाला. आणि मग, जणू आता खरा प्रश्न आठवला, तसा तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "परमिट टुरिस्टचं आहे. टुरिस्ट हातोड्या का आणतो? हे कामासाठी येतायत का?"

मला उत्तरं सुचली. बऱ्यापैकी सुचली. पेटीचं कुलूप मोडलंय, चोरीची भीती, बाबा हातोड्या कुठेच सोडत नाहीत. त्यातलं एकही पूर्ण खोटं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, जसे बँकेत, दवाखान्यात, एअरपोर्टवर बघतात. आता ही बोलेल, मग होईल.

"आय डोन्ट नो, सर," मी म्हणाले.

बाबांना इंग्रजी फारसं येत नाही. पण एवढं येतं.

कस्टमवाल्याने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने थेट त्यांनाच विचारलं, "चाचा, सच बोलो. काम करेगा?"

"भाई को मिलना है," बाबा म्हणाले. तेवढंच.

"मिलो. दो दिन मिलो. ये इधर रहेगा. वापस जाते टाइम ले जाना. नहीं तो यहीं से यू टर्न."

मला वाटलं, आता कळेल. ते परत फिरले तर हातोड्यांसाठी आलो होतो. पुढे गेले तर काकासाठी. मी इतका सोपा हिशेब केला होता. बाबा बराच वेळ गाठोड्याकडे बघत उभे राहिले. मागे गाड्या थांबल्या, कुणीतरी हॉर्न दिला. मग त्यांनी एकेक नग बोटाने मोजला, मोठ्याने, मराठीत, एक ते सात. साडीचा तुकडा गुंडाळला, त्यांची नेहमीची दुहेरी गाठ मारली आणि दोन्ही हातांनी ते गाठोडं त्याच्याकडे दिलं. त्यानेही ते दोन्ही हातांनीच घेतलं.

फाटकावर मी चिठ्ठी दिली. पुढे कितीतरी वेळ उजवीकडे डोंगर आणि डावीकडे समुद्र. गतिरोधक आले, मागे काही वाजलं नाही.

"तुला माहीत नव्हतं?" शेवटी बाबांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"पण वाटत होतं."

"हो."

"मग 'नाही' म्हणायचं होतंस. कामाला नाही येत म्हणायचं."

"ते मला माहीत नव्हतं ना, बाबा."

ते हसल्यासारखे झाले. मग पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी इकडचा कडक, दाट करक चहा मागवला, आणि कागदी कपाकडे बघत सांगितलं. गॅरेज विकलं गेलं. नवा मालक म्हणतो, म्हाताऱ्या माणसांचे व्हिसे काढणार नाही, पत्रा ठोकत बसण्यापेक्षा नवा पार्ट बदला, वेळ वाचतो. दसऱ्याच्या आधीच सांगितलं होतं. म्हणून हातोड्या परत नेल्या नाहीत. रोज सकाळी डबा घेऊन जात होते ते दुसऱ्या गॅरेजांतून विचारत फिरायला. सोहारला काकाच्या दुकानाशेजारी एक गॅरेज आहे, त्याच्या मालकाला जुन्या गाड्यांसाठी हाताचा डेंटर हवाय. त्याने म्हटलं होतं, शनिवारी येऊन हात दाखव.

"आईला माहितीये?"

"नाही."

"मग माझ्या कॉलेजचं?"

"त्याच्यासाठीच तर," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

काका आम्हाला पाहिल्यावर आधी बाबांच्या पाया पडला आणि मग त्यांच्या हातांकडे बघून म्हणाला, "दादा, हत्यारं?"

"बॉर्डरवर ठेवली."

"आयला. मग? शेठ वाट बघतोय."

शेठ मलबारी होता, बोलायला बरा. त्याने शटरमागे एक जुनी जीप उभी केली होती, डाव्या दारावर खोल चेप. जवळच त्याच्या गॅरेजच्या हातोड्यांचा डबा. "लो, चाचा, कोई भी उठाओ."

मी दारात उभी होते. खरं सांगायचं तर माझा संशय अजून पूर्ण गेला नव्हता. ती खूण माझ्या बोटाने झाली होती, आणि आता ते हातोडी उचलतील, असं मला वाटत होतं. मी काही म्हणणारही नव्हते. बाबांनी डब्यातली एक हातोडी उचलली, दांडा हातात फिरवला, परत ठेवली. मग तळवा चेपलेल्या पत्र्यावर ठेवून सावकाश फिरवला, डोळे मिटून. शेठला म्हणाले, "इधर नहीं लगा है. मार उधर पीछे लगा, पत्रा खींच के इधर आया. सामने से ठोकेगा तो फटेगा. पहले पीछे का खोलो."

"तो ठोक के दिखाओ ना."

"आज नहीं, सेठ. आज हम टूरिस्ट है."

काका माझ्याकडे बघायला लागला, जणू मी त्यांना काही करून आणलंय. शेठने हातोड्यांचा डबा पायाने बाजूला सारला. मग म्हणाला, फोन करतो. गेल्या काही दिवसांत बाबांनी हे वाक्य बऱ्याच गॅरेजांत ऐकलं असणार, कारण त्यांनी नुसती मान हलवली.

रात्री काकाच्या खोलीवर मासे भात झाला, चकल्या संपल्या. दोघे भाऊ करवंदाच्या जाळीवर पुन्हा हसले. सकाळी निघालो.

चौकीवर तो तरुण नव्हता. दुसऱ्याने आतून गाठोडं आणून दिलं. बाबांनी हातात घेतल्याबरोबर गाठ पाहिली. त्यांची दुहेरी गाठ नव्हती, साधी होती. कुणीतरी उघडून परत बांधलं होतं. बाबांनी तिथेच, काउंटरवर, ते सोडलं आणि मोजलं. एक ते सात. कुंकू तसंच होतं. पाकळी सुद्धा.

"सब है?" त्याने जरा दुखावल्यासारखं विचारलं.

"है," बाबा म्हणाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मोजायला नको होतं. त्याला वाईट वाटलं."

शेठचा फोन आला नाही. निदान हे लिहीपर्यंत तरी नाही. आईला सगळं सांगितलं, ती दोन दिवस बाबांशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग पोरीचं काय ते बघा आधी." मी कॉलेजात चौकशी केली. शेवटच्या वर्षासाठी कॉलेज स्वतःच्या नावावर विद्यार्थ्याचा व्हिसा काढून देतं. त्याचाही फॉर्म असतो. त्यात एक रिकामी जागा होती, प्रायोजक बदलण्याचं कारण. मी बाबांना विचारलं काय लिहू. त्यांनी सांगितलं, "आहे ते लिही."

मी लिहिलं, वडिलांची नोकरी संपत आहे. मग नेहमीसारखा कागद सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. आईचा चष्मा मागून घेतला. आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून, एकेक इंग्रजी अक्षर लावत, वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदाच. मधे दोन शब्द मला विचारले. पूर्ण पान व्हायला बराच वेळ लागला. मी समोर बसून होते.

त्या शेडमध्ये मी जे बोलले त्यानंतर मी भरलेल्या कागदांवरचा त्यांचा विश्वास गेला म्हणून, की यापुढे असं काही बोलायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून ते वाचत होते, हे मी अजून विचारलेलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेऊन झाल्यावर त्यांनी सही केली.